जमीन किती?

मालकाने शेणाची पाटी माझ्या डोक्यावर ठेवली तेव्हा माझ्या अंगात धुतलेला पांढरा सदरा होता. बैठकीत चार पाहुणे होते. मालकाचा मुलगा होता, माझ्याच वर्गातला. अन् गोठ्याच्या दाराशी माझा बाप. सोळा वर्षं तो या घरचा सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी.

मी मॅट्रिक पास झालो होतो. गावातून आम्ही दोघंच, मालकाचा मुलगा अन् मी. मला शेतकी कॉलेजात जायचं होतं. अर्जाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागत होता, गावातल्या मोठ्या माणसाचा. तो मागायला गेलो होतो.

मालकाने अर्ज पाहुण्यांना दाखवला. "सालदाराचं पोरगं शेती शिकाले जाऊन राह्यलं. बितभर वावर नाही." मग पाटी भरून मागवली. म्हणाला, "घे, हा पहिला धडा. उकिरड्यावर टाकून ये, मंग सही करतो."

पाहुणे हसले. शेणाचं मला काही नव्हतं. रोज उचलायचो. पण ते काम होतं, हा तमाशा होता. ओलं शेण कानामागून सदऱ्यात उतरत होतं. बाप मान खाली घालून म्हणाला, "जाय बापू, टाकून ये."

चार पावलं गेलो. पाचवं पडलं नाही. मागे फिरलो अन् पाटी बैठकीच्या पायरीवर ठेवली. "हे मले येते. हे शिकाले मी जात नाही. माहा अर्ज द्या."

कोणी हसलं नाही. अर्ज मिळाला, सहीशिवाय. दुसऱ्या दिवशी मालकाने बापाला कामावरून काढलं.

बापाने मारलं नाही. मारलं असतं तर बरं. तीन दिवसांनी बोलला. "काऊन मास्तर होत नाही बे? सावलीत बसशीन. आम्ही मातीत मेलो, तू कायले परत मातीत जातं?"

आमच्या वस्तीत जो शिकला तो वावरापासून पळाला. शिकणं म्हणजे माती सुटणं. मालकाच्या मुलानेही शेतकीचाच अर्ज भरला होता, कारण त्याचा मामा शेतकी खात्यात साहेब होता, फटफटीवर फिरायचा. त्या मुलाला तुरीचं झाड कोणतं अन् अंबाडीचं कोणतं, सांगता येत नव्हतं. माझी माय कपाशीचं पान उलटून पाहायची अन् सांगायची, मावा पडला, आठ दिवसांत सारं वावर धरीन. अन् तसंच व्हायचं. तिला जे ठाऊक होतं, त्याला गावात कोणी शेती म्हणत नव्हतं. मजुरी म्हणत. माझं डोकं तिथं अडकलं. झोपताना, उठताना, तेच.

दाखला शेवटी हेडमास्तरांनी दिला. भला माणूस. पण कुटुंबाच्या जमिनीच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. म्हणाले, चार एकर लिहितो, जमीनवाल्यांच्या पोरांना आधी घेतात, कोण पाहायला येतं? मी अर्ज ओढून घेतला. लिहिलं, नाही. खाली लिहिलं, आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबतात. मीही.

मुलाखतीला तीन साहेब. एकाने विचारलं, जमीन नाही तर शिकून करणार काय?

म्हणालो, "जो कसतो त्याच्यापाशी वावर काऊन नाही, हे बी शिकाचं हाय."

एकाने माझा अर्ज मिटून बाजूला ठेवला. दुसऱ्याने पुढच्या पोराला हाक मारली. मी समजलो, संपलं. पण यादी लागली, अन् शेवटून दुसरं नाव माझं होतं. मालकाच्या मुलाचंही होतं, बरंच वर.

कॉलेजला निघालो तेव्हा चिखलीच्या स्टँडवर माय आली होती. बाप दुसऱ्या गावात रोजीने तण निंदायला गेला होता. मुद्दामच. एसटी हलली तरी मला बसवेना. आनंद नव्हता. अंगात नुसती आग होती, अन् बापाची पाठ डोळ्यांपुढून जात नव्हती.

मेहकरच्या फाट्यापर्यंत ठरवून टाकलं. बाप बोलो न बोलो, माघारी फिरायचं नाही. साहेब झालो तर कोणत्याही गावात आधी मजुरांच्या वस्तीत जाईन. त्यांचं ऐकीन, मग बोलीन. मालकांना ऐकायचं असेल तर त्यांनी तिथं यावं. अन् खाली बसावं.