सतरा की वीस

आमच्या साडूंना तुम्ही जगातला कुठलाही विषय द्या, तिसऱ्या वाक्याला ते तो काडतुसापर्यंत आणून सोडतात. हे मी कौतुकानं सांगत नाही, हात टेकून सांगतोय. आम्ही सगळे आयर्लंडमध्ये; डून लेरीहून लिमरिकला त्यांच्याकडे जायला गाडीनं अडीच तास लागतात आणि ते अडीच तास मी बायकोला एकच विनवत असतो, की आज काहीही झालं तरी त्यांना संधी द्यायची नाही. एकदा मी मुद्दाम माझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशनचा विषय काढला. म्हटलं, बघू आता इथून कसे वळतात. साडूंनी दोन क्षण सहानुभूतीनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खरं आहे साडूभाऊ, शेवटी सगळा प्रश्न दाबाचाच असतो. आता रायफलच्या आतला दाब घ्या." मी वरणावर तूप वाढून घेतलं आणि मान खाली घातली.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे नागपूरचे, आणि लिमरिकजवळच्या एका कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या मोजण्याचं काम करतात. मोजणं हा त्यांचा स्वभावच झालाय. घरात पोळीची जाडी मोजून झाली आहे, कढीपत्त्याच्या रोपाची रोजची वाढ मोजून झाली आहे, आणि ताईंच्या घोरण्याचा आवाज मोजल्यावर घरात तीन दिवस अबोला होता. अशा माणसाला कोणीतरी सहकाऱ्यानं एका शनिवारी नेमबाजीच्या क्लबात नेलं आणि आमच्या दोन्ही घरांच्या नशिबाला हे लागलं. तसे साडू शुद्ध शाकाहारी, घरातली माशीसुद्धा वर्तमानपत्रावर बसवून बाहेर सोडतात. नेम धरायचा तो फक्त कागदावर. "कागदाला भोक पाडायला माझ्या ड्रॉवरमध्ये पंच आहे की," असं ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, पण ऐकतंय कोण.

दुकानात मिळणाऱ्या काडतुसांवर त्यांचा मुळीच विश्वास नाही. त्यांना हवं होतं वाइल्डकॅट. बंदूकवाल्या मंडळींत वाइल्डकॅट म्हणजे कुठलाच कारखाना बनवत नाही असं काडतूस. एखाद्या चालू काडतुसाची रिकामी पितळी नळी घ्यायची, तिची मान आवळून बारीक करायची, खांदा थोडा मागे सारायचा आणि आपल्या हिशोबानं दारू भरून वर आपल्या पसंतीची गोळी बसवायची. मला हे इतकं नीट ठाऊक आहे कारण गणपतीत आरती खोळंबलेली असताना त्यांनी नैवेद्याच्या ताटातला मोदक उचलून गुरुजींना मान कुठली आणि खांदा कुठला ते दाखवलं होतं. गुरुजी डब्लिनहून आलेले, दिवसा सॉफ्टवेअरमध्ये असतात. ते बिचारे "वॉव" म्हणाले, आणि आरती आणखी पंधरा मिनिटं लांबली.

आता एवढं सगळं पक्कं होतं तर काडतूस करून मोकळं व्हावं ना. पण गोळी केवढी घ्यायची हे ठरेना. सतरा की वीस. म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले सतरा की वीस, फरक नखाएवढाही नाही. सतराची धाव जबरदस्त, पण अटलांटिकवरून येणारा वारा तिला उडवून नेणार. वीस वाऱ्याला सहसा दाद देत नाही, पण तिच्यात ती मजा नाही. या प्रश्नावर साडूंनी नऊ वर्षं काढली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची मतं घेतली. माझ्या आईला नाशिकला फोन लावून विचारलं. आईनं "वीस घ्या, पुढं अंगाला बसेल," असं सांगितलं, तेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

बरं, इथे कायद्यानं घरी बसून काडतुसं भरता येत नाहीत. क्लबात त्यासाठी रीतसर परवानगी असलेली एक खोली होती आणि एक निवृत्त प्लंबर आजोबा ती सांभाळायचे. साडू एकदाच तिथे गेले आणि दारू तोलायचा काटा उलटा करून बघून परत आले. "तपासणीचं स्टिकर नाही हो त्यावर," ते मला फोनवर म्हणाले, एखाद्याच्या घरी अवचित काही भलतं दिसावं तशा दबक्या आवाजात.

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याचा मधला भाग हळूहळू जातोय, उजव्याचा आधी, मग डाव्याचा. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसत जाईल, आणि यावर फारसा इलाज नाही. किती दिवसांत, हे डॉक्टरांना सांगता येईना, आणि मला वाटतं आजारापेक्षा साडूंना तेच जास्त लागलं. त्या रविवारी त्यांनी फोन केला. "वीस," एवढंच म्हणाले. मी विचारलं, का हो, नऊ वर्षांनी एकदम? "भोक जरा मोठं पडतं," ते म्हणाले. आपल्या काडतुसानं पडलेलं एक भोक आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

आणि तिथे या माणसानं त्याच्याच हातून व्हावी अशी चूक केली. नव्या रायफलच्या परवान्यासाठी माहिती भरताना एक रकाना होता, काडतुसाचा उत्पादक. कोणीही शहाण्या माणसानं तो सोडून दिला असता. पण साडूंच्या कारखान्यात रकाना रिकामा ठेवणं हे पाप आहे. तिथे रिकाम्या जागेवरसुद्धा रेघ मारून सही आणि तारीख घालावी लागते. साडूंनी प्रामाणिकपणे स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली घरचा पत्ता. आठवड्याभरात दोन गार्डा, म्हणजे इथले पोलीस, दारात उभे राहिले. फार सभ्य माणसं. गराजमध्ये दारूगोळ्याचा कारखाना नाही याची खात्री करून घेतली, ताईंच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, चूक झाली असं एका ओळीत कळवा, ग्रँड होईल, म्हणजे सगळं निभावून जाईल.

साडूंनी चाळीस पानं कळवली. आकृत्यांसह. चूक त्यांची नसून रकान्याची कशी आहे हे त्यात सिद्ध केलं होतं. मग त्यावर शंका आल्या, शंकांना त्यांची उत्तरं गेली, उत्तरांना पुरवण्या गेल्या. ताई रडकुंडीला येऊन मला म्हणाल्या, "तुम्ही तरी समजवा हो त्यांना, दिवस जातायत." मी दोनदा लिमरिकला गेलो, भांडलो, चक्क आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, चुकीचं कसं लिहून द्यायचं?" शेवटी ती एक ओळ ताईंनी टाइप केली आणि त्यांच्यापुढे सहीला ठेवली. त्यांनी ती न वाचता सही केली. न वाचता का, ते घरी परतताना माझ्या लक्षात आलं आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

परवाना आला, रायफल आली, आणि यंदा मार्चमध्ये आम्ही क्लबात गेलो. गाडी ताई चालवत होत्या. प्लंबर आजोबांच्या काट्यावर पाच काडतुसं भरली गेली. स्टिकरचं साडूंनी काही काढलं नाही. शंभर मीटरवर कागद लावला, आजोबा त्यांच्या शेजारी बसले. रायफलवरच्या दुर्बिणीतून बराच वेळ बघून साडू म्हणाले, "चारी कडा दिसतायत. मधलं काही नाही." मग त्या चार कडा सारख्या अंतरावर धरून, मधे काय आहे ते न बघताच, त्यांनी पाचही गोळ्या झाडल्या.

कागद आणायला मी गेलो. भोकं चार होती. तीन जवळजवळ, चौथं जरा वर, आणि पाचवी गोळी कागदाला न शिवता मागच्या मातीत गेलेली. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांच्या कडेला नेऊन तिरपा धरला, मधल्या काळ्या वर्तुळावर काही दिसेना, तेव्हा बोटानं चाचपून मोजायला लागले.

"चारच आहेत," ते म्हणाले.

"पाच आहेत," मी म्हटलं. "दोन एकात एक गेल्यात."

एकाच भोकातून दोन गोळ्या जाणं ही या लोकांची आयुष्यभराची आस असते, एवढं नऊ वर्षांत मीही शिकलो होतो. आजोबांनी माझ्याकडे बघितलं. भाषा त्यांना कळत नव्हती, पण कागद दिसत होता. ते रिकाम्या नळ्या गोळा करायला लागले.

"कुठलं?" साडूंनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून एका भोकावर ठेवलं, त्यातल्या त्यात जरा फाटलेल्या. साडूंनी खिशातून मोजपट्टीचा चिमटा काढून माझ्यापुढे धरला. "मला नाही दिसायचं. तुम्ही रुंदी मोजून सांगा."

मी चिमटा हातात घेतला आणि दोन गोळ्यांना शोभेल असा एक आकडा सांगितला. त्यांनी तो एकदा स्वतःशी म्हटला. बरोबर का, असं त्यांनी विचारलं नाही. बोट मात्र तिथेच ठेवून उभे राहिले, आणि ताईंनी गाडी सुरू करून दोनदा हाका मारल्या तरी त्यांनी ते उचललं नाही.