वरून पाणी पिणारे आप्पा

मान मागे टाकून प्यायलेले पाणी नीट गिळले जाते का, हा प्रश्न शिक्षक असूनही मी कधी वर्गात विचारला नव्हता. तो मला वडिलांच्या, आप्पांच्या, आजारपणात पडला.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. औशाजवळच्या आमच्या गावातली विहीर दुष्काळाने तळापर्यंत आटली होती. घरात पिण्याचा एकच तांब्या फिरे. तो उष्टा होऊ नये म्हणून सगळे मान मागे टाकून वरून धार सोडत. लकव्याने उजवी बाजू गेलेले आप्पाही डाव्या हाताने तसेच पीत. आधी त्यांना ठसका लागे. पुढे तो थांबला, आणि आम्ही समाधान मानले. तीच चूक होती.

कारण आता पाणी प्यायल्यावर त्यांचा आवाज ओला होई, बुडालेल्या माणसाने बोलावे तसा. भर दुपारी निपचित गावात पाण्याचा आवाज तेवढा त्यांच्या गळ्यातून येई. संध्याकाळी ताप चढे. आत्या दारातूनच म्हणाली, "विहीर ह्याच्या गळ्यात येऊन बोलायली, बघ."

मी आठ दिवस नीट ऐकले. दिवसातून एकदाच आवाज कोरडा राही. सकाळी तळहातावरच्या इष्टलिंगाची पूजा करून, हनुवटी छातीकडे झुकवून ते पळीभर तीर्थ घेत, तेव्हा.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे सांगितले. त्यांनी आप्पांना तपासले. मान मागे गेली की श्वासनलिकेचे तोंड नीट झाकले जात नाही. लकव्यानंतर पाणी आत उतरते आणि ठसकाही येत नाही, असे ते म्हणाले. आप्पांना झुकलेली मान मानवेल. सर्वच रोग्यांना मानवेल असे नाही, हेही त्यांनी सांगितले.

आप्पा ऐकेनात. "मास्तर, बापाला पाणी प्यायला शिकवायलास व्हय? अन् तांब्या उष्टा झाला तर घर काय पिणार?"

"तांब्याला तोंड लावूच नका. पळीनं घ्या, तीर्थासारखं."

"दिवसभर तीर्थ? लई पुण्य व्हईल," असे म्हणून त्यांनी मान झुकवली.

काही दिवसांनी ताप उतरला. गळ्यातले पाणी थांबले, पण आता मला त्या शांततेचीच भीती वाटू लागली. दर पळीनंतर मी त्यांना दोनाचा पाढा म्हणायला लावी, आणि प्रत्येक आकड्यामागे काही हलते का, म्हणून कान देई.

केवळ माझ्या सांगण्यावर जाऊ नये. आजारी माणसावर प्रयोग न करता, पाणी न घेता, छताकडे मान करून नुसती लाळ गिळावी. मग हनुवटी किंचित झुकवून गिळावी. फरक वाचकांनी स्वतः तपासावा, ही विनंती.