फिल्लमकाकांचे अमेरिकन बटाटे

फिल्लमकाका अमेरिकेला बडोद्याची भाषा बोलायला लावायचे. इंग्रजी फिल्म लावायची, तिचा आवाज बंद करायचा आणि पडद्याशेजारी उभं राहून सगळे संवाद स्वतः म्हणायचे. गोरा साहेब तेच, गोरी बाई तेच, साहेबाचं कुत्रंसुद्धा तेच.

मी नवापूरहून कॉलेजसाठी बडोद्याला आलो आणि घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत काकांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. गावात मास्तरांच्या नकला करून मार खाल्लेला. इथे पहिल्याच आठवड्यात काकांची नक्कल बसवली. त्यांनी ती जिन्यात ऐकली. म्हणाले, "नवापूर, आवाज बरोबर आहे ने, पण नाक ओछं कर. नाकातून कमी बोल." तेव्हापासून माझं नावच नवापूर.

काका एका कॉलेजात प्रोजेक्टर चालवायचे. तिथे व्हिडिओ आला आणि जुनी अमेरिकन रिळं भंगारात निघाली, ती यांनी रिक्षात घालून घरी आणली. फ्रीज कसा वापरावा, टोस्टर कसा निवडावा, दुकानात ढकलगाडी घेऊन सामान कसं घ्यावं, असल्याच सगळ्या फिल्मा. दर रविवारी संध्याकाळी पुढच्या खोलीत चादर टांगून शो. गाणं नाही, मारामारी नाही, तरी अख्खी पोळ हजर!

"जॉनराव बूट घालून थेट स्वयंपाकघरात! आता मेरीवहिनी सोडते की काय!" काका सुरू व्हायचे. "बघा बघा, वहिनीने भाजी घेतली आणि वर कोथिंबीर मागितलीच नाही. एवढा मोठा देश, पण कोणी शिकवलंच नाही ने."

पंचाईत एकच. मेरीवहिनी दर फिल्ममध्ये फ्रीज उघडून अंडी काढायची, आणि पहिल्या रांगेत शुद्ध शाकाहारी जसुबेन बसलेल्या. काका ठणकावून सांगायचे, "अमेरिकन बटाटे! तिकडची मातीच पांढरी." वहिनीने ते फोडले की, "बघा, किती मऊ उकडलेत!"

मध्येच ते आतल्या दाराकडे वळून ओरडायचे, "अगं, ऐकलंस का? मेरीवहिनीकडे नवीन मिक्सर आला!"

आतून काकू, "आले हो! आधी आपला दुरुस्त करा!"

काकू म्हणायच्या "आले", पण यायच्या कधीच नाहीत. हा संवाद कुठल्याच रिळात नव्हता, तरी त्याच्याशिवाय शो संपायचा नाही.

पुढे रावपुऱ्यातल्या दुकानांत खरेखुरे फ्रीज झगमगायला लागले, घरोघरी केबल आली. तरी माणसं यायची. घात केला तो काकांच्या घशाने. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. काका पाटीवर खडूने लिहून बोलायला लागले, चादर घडी होऊन कपाटात गेली. घर एवढं गप्प, की मला शिट्टी वाजवत जिना चढायची लाज वाटायची.

शेवटी मीच म्हटलं, "काका, फिल्मचा स्वतःचा आवाज आहेच की. तो लावू."

काकांनी पाटीवर लिहिलं, "त्या अमेरिकनांना काय कळतं?"

मग ते पुसून लिहिलं, "नवापूर. नाक ओछं."

रविवारी चादर पुन्हा टांगली आणि पडद्याशेजारी मी उभा राहिलो. एरवी ज्याची नक्कल करतो तो माणूस पाठमोरा असतो. इथे तो समोर खुर्चीत! जॉनराव कसेबसे पार पडले. फ्रीज उघडला. मी ओरडलो, "अमेरिकन बटाटे!"

जसुबेन शांतपणे म्हणाल्या, "अमने खबर छे, भाई. ए ईंडां छे. पण काका बटाका कहेता, ते ज सारुं लागतुं."

अंडी आहेत हे बाईंना पहिल्यापासून माहीत होतं, पण काकांचे बटाटेच गोड वाटायचे! खोली हसून हसून लोटपोट. काकाही हसले, आवाज नाही, नुसते खांदे गदगद हलत होते. त्या भरात मी आतल्या दाराकडे वळलो आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, ऐकलंस का?"

फक्त प्रोजेक्टरची खरखर. काका दाराकडे बघत राहिले.

"आले हो!" आतून आवाज आला, जरा ओलसर. "आधी आपला दुरुस्त करा!"

आणि त्या दिवशी काकू खरंच बाहेर आल्या. पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या, रीळ संपेपर्यंत.

आता काका नाहीत. बडोद्याला गेलो की मी पुढच्या खोलीत त्यांच्या खुर्चीशेजारी बसतो आणि हाक मारतो, "काकू, चहा!"

"असा नाही मिळणार. नीट माग."

मी नाक ओछं करतो. "अगं, ऐकलंस का?"

"आले हो!"