सहर्ष स्वागत आणि चौथं कडवं

आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा असतो आणि लग्न अडीचला लागतं. मधले दोन तास कुठल्यातरी पुढाऱ्याची गाडी यायची असते. तेवढ्या वेळात स्टेजवर कुणीतरी गाणी म्हणतो आणि निवेदक आलेल्या पाहुण्यांचं सहर्ष स्वागत करतो. पाहुणा आला की गाणाऱ्याने ओळ अर्धी सोडून थांबायचं, स्वागत होऊ द्यायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं, असा रिवाज आहे. तो कुणी मोडल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

मी गिटार वाजवतो आणि स्वतःची गाणी लिहितो. दिवसा जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासतो. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ठेवायची, आठवड्याने उलगडून किती उगवले ते लिहायचं. गाणी घरीच रेकॉर्ड करतो. भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, शेजारच्यांचा मिक्सर थांबायची वाट पाहून. मग स्वतःच इंटरनेटवर टाकतो. कंपनी नाही, निर्माता नाही, प्रकाशन सोहळा नाही, त्यामुळे प्रमुख पाहुणे शोधावे लागत नाहीत. ऐकणाऱ्यांत नातेवाईक कमी आणि अनोळखी जास्त आहेत, ही मी जमेची बाजू धरतो.

एक गोष्ट मात्र सलत होती. ज्या गाण्यावर माझा जीव आहे ते चार कडव्यांचं आहे, आणि माझ्या जिल्ह्यात ते लोकांपुढे एकदाही पूर्ण झालेलं नव्हतं. गणपतीत दुसऱ्या कडव्याला आरतीची वेळ झाली. एका हॉटेलच्या उद्घाटनात तिसऱ्या कडव्याला फीत आली. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी पहिल्याच कडव्याला माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याच माईकमध्ये म्हणाले, "फार सुंदर." आता चौथं कडवं काढलं तर ते गाणं नुसतं रडगाणं उरतं. त्यामुळे पंचक्रोशीत माझी ओळख रडक्या गळ्याचा माणूस अशी झाली होती.

या गाण्यांचं मूळ विचारतात, म्हणून सांगतो. शिकत असताना भोकरदनच्या एका मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेतली होती. दुकानदाराने चुकून दुसऱ्याच कुणाची यादी भरून दिली. तीत एक परदेशी म्हातारा एकट्या गिटारवर गात होता. शब्द एकही कळला नाही, पण आवाज ओळखीचा वाटला. माझे थोरले चुलते ग्रामपंचायतीची निवडणूक दोन मतांनी हरून घरी आले तेव्हा असंच खाकरत, थांबत, स्वतःलाच उत्तरं देत बोलत होते. ब्लूज म्हणतात त्या प्रकाराची बांधणी तीच असते हे पुढे कळलं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं.

बाकीचं शिक्षण जालन्यातच, मस्तगड भागात झालं. तिथे एक चाचा राहतात, वरातीत बँजो वाजवतात. टाइपरायटरसारखी बटणं असलेला आपला बँजो. माझं वाजवणं पहिल्यांदा ऐकून ते बराच वेळ पान चघळत राहिले. मग म्हणाले, "तार कू सिर्फ दबाव नक्को. खींच. रोये तक खींच." मी खेचली. तार तुटली. चाचा म्हणाले, "हौ, इत्ती नक्को." सात वर्षं झाली, त्यांच्याकडे जातो आहे. वादनाविषयी त्यांनी यापेक्षा जास्त काही सांगितलेलं नाही; बाकीचं वाजवून दाखवतात.

हे आपलं नव्हे, असं मला सांगणारे सज्जन पुष्कळ भेटतात. त्यांच्या घरी भजनाला पेटी असते. पेटी सातासमुद्रापलीकडून आली, पण तिला कुणी गाव विचारत नाही. गिटारला मात्र मूळ रहिवासी असल्याचा दाखला लागतो.

तर गेल्या उन्हाळ्यात अंबडला एका लग्नात लग्न लागेपर्यंत वाजवायचं बोलावणं आलं. मुलीचे वडील आमच्या कंपनीचा माल विकणारे दुकानदार. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की तुम्ही म्हणाल ती सगळी गाणी वाजवतो, पण माझं एक गाणं म्हणणार आणि पूर्ण म्हणणार.

"किती मोठं हाय?" त्यांनी विचारलं.

"सहा मिनिटं."

"मंग काय. सहा मिनिटांत कोण मरून राह्यलंय? म्हणा बिलकुल."

चाचा सोबत आले, त्यांचा बँजो आणि वरातीचा भोंगा घेऊन. बायको जाऊबाईंबरोबर चौथ्या रांगेत बसली. निवेदनाला होते एक सर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. दोन तालुक्यांतली लग्नं त्यांच्या तारखा पाहून ठरतात. कोट, खिशात तीन पेनं, आणि हातात येणाऱ्या पाहुण्यांची यादी, पदांसकट. आवाज असा की मंडपाचा पडदा हलावा.

फर्माइशी झाल्या. दोन वाजता मी माझं गाणं धरलं.

नव्वद उगले, दहा राह्यले पेपरात,
नव्वद उगले, दहा राह्यले पेपरात,
साहेब म्हणले, नापास ते टाका कचऱ्यात.

पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याच्या पहिल्याच ओळीला सरांनी हात वर केला, साउंडवाल्याने माझा आवाज खाली ओढला, आणि कुठल्याशा सोसायटीचे माजी चेअरमन आत आले. सर म्हणाले, "यांचं वधूपित्याच्या वतीनं सहर्ष स्वागत." चेअरमन चप्पल काढून खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत सर पुन्हा म्हणाले, "सहर्ष स्वागत."

मी रिवाजाप्रमाणे थांबलो होतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मंडपाच्या साउंडमधून माझ्या गिटारची वायर ओढून काढली आणि स्वतःच्या भोंग्याला जोडली. भोंगा साउंडवाल्याच्या हुकमात नव्हता.

"चाचा, काय करून राह्यले?" मी विचारलं.

"तू बजा रे. मैं बैठा ना इधर."

मी वाजवू लागलो. एक जिल्हा परिषद सदस्य आले. सरांनी स्वागत केलं, पुन्हा स्वागत केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस कुठलंच वाक्य एकदा म्हणत नाही. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग जागा सोडतो. दोन तालुक्यांत इतका काटेकोर ब्लूज कुणी गात नव्हतं आणि त्याला आजवर तिसरी ओळ कुणी दिली नव्हती.

सर म्हणाले, "जेवणाची सोय मंडपाच्या पाठीमागं केलेली आहे." पुन्हा म्हणाले, "जेवणाची सोय मंडपाच्या पाठीमागं केलेली आहे."

मी माईक सोडून, मोकळ्या गळ्याने, सुरात म्हणालो, "साहेब म्हणले, नापास ते टाका कचऱ्यात."

आधी बायकांची बाजू हसली. मग आचाऱ्यांची माणसं मागून येऊन उभी राहिली. सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि आवाज चढवून एका बाजार समितीच्या संचालकांचं स्वागत केलं, दोनदा. मी तिसरी ओळ दिली. चाचांनी तिच्या शेवटाला अशी तार खेचली की संचालक बसता बसता उठले. मुलीचे वडील स्टेजच्या पायरीपाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "ओ पाहुणे, थांबा ना जरा. मोठे माणसं येऊन राह्यले."

मी वाजवत वाजवत म्हणालो, "सहा मिनिटं म्हणलं होतं. त्यातले चार सरांनीच घेतले."

"पण ते नाराज होतील."

"होऊ द्या. मी सात वर्षांपासून हाय."

ते हतबल होऊन सरांकडे पाहू लागले. सरांनी यादी उघडली, तोंड उघडलं, आणि मिटलं. आपण बोललो की त्याचं गाणं होतं, हे त्यांना कळलं होतं. पुढचे पाहुणे दारात उभे राहिले आणि कुणीच त्यांचं नाव घेईना, तेव्हा बिचारे आपले आपण येऊन बसले. अंबडच्या मंडपात कधी नव्हे ती शांतता झाली. तीत मी अर्धं राहिलेलं दुसरं कडवं पुरं केलं, तिसरं म्हणालो. मग चौथं म्हणालो.

कचऱ्यावर पडला पाऊस, कुणी न्हाई पाह्यला,
कचऱ्यावर पडला पाऊस, कुणी न्हाई पाह्यला,
दहातला एक उठून म्हणे, मला जरा टाइम लागला.

टाळ्यांचं वर्णन करत नाही. पुढाऱ्याची गाडी त्याच वेळी आली, त्यामुळे किती कुणासाठी होत्या ते सांगता यायचं नाही. मुलीचे वडील त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. चाचा सरळ पंगतीत जाऊन बसले.

बायकोने ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. घरी आल्यावर मी ते पुन्हापुन्हा ऐकलं. भोंगा फाटलेला, एक पोरगं रडतंय, सरांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. गोधड्यांच्या खोलीतलं माझं रेकॉर्डिंग त्यापुढे औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं वाटलं. मी जुनं काढलं. नव्यातली पाहुण्यांची नावं तेवढी पुसली आणि ते जसंच्या तसं टाकलं.

महिन्याने सरांचा फोन आला. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"माझा आवाज तुम्ही न विचारता वापरला," सर म्हणाले.

"वापरला. विचारायला पाहिजे होतं. तुम्ही म्हणाल तर काढतो, पण मंग सगळंच काढावं लागेल."

"काढा म्हणून मी कुठं म्हणलं?" मग त्यांनी विचारलं, "त्याच्यावर नाव कुणाचं आहे?"

"सध्या माझं आणि चाचांचं. तुमचं टाकू का?"

"टाका. निवेदन म्हणून नका टाकू. गायन म्हणून टाका."

"टाकतो."

"आणि एक सूचना आहे. माझे पुतणे, जावई, सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांचं म्हणणं पडलं की स्वागताचा भाग फार रंगला. तिथंच थांबवलं असतं तर बरं. ते शेवटचं जे कडवं आहे ना तुमचं, ते जरा लांबतं. कापता येतं का?"

"येतं, सर," मी म्हणालो. "पण कापणार न्हाई."