बाळंतिणीची मोरी

"मर्क्युरी," डॉक्टर म्हणाले. मर्क्युरी म्हणजे पारा, थर्मामीटरमधला. माझ्या रक्तात तो फार निघाला होता, आणि चार महिन्यांची मुलगी माझ्या मांडीवर दूध पीत होती. मी इतकी दमले होते की धड रडूही येईना.

बाळंतपणानंतर बोटांना, ओठांना मुंग्या यायला लागल्या. कप हातातून निसटायचा. धारवाडच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, मासे भरपूर खा. घ्या! सासर कारवारचं, आम्हाला हे सांगायला हवं? गरोदरपणातही रोज मासाच होता. बाळंतिणीला तर मोरी, म्हणजे लहान शार्क, दूध यावं म्हणून देतात. "मोरी नाही तर काय दुधीभोपळा घालू तिला?" सासूबाई म्हणायच्या. कारवारच्या बसनं मागवून दोन्ही वेळा रांधायच्या. मायेनंच हो.

मुंग्या थांबेनात, म्हणून हुबळी गाठली. तिथे नर्व्ह कंडक्शन केलं, म्हणजे बारीक झटके देऊन नसा तपासल्या. बाकावर बसून पाठ मोडली. मी काय जेवते हे त्या डॉक्टरांनीच पहिल्यांदा विचारलं आणि रक्त बेंगळूरला पाठवलं.

"अक्का, दोड्ड मीन बिड्री," रिपोर्ट बघून ते कन्नडमध्ये म्हणाले. मोठे मासे सोडा. मोठा मासा लहानांना खातो, त्यांच्यातला पारा त्याच्यात साठत जातो. बांगडा, तारले बेतानं खा. "दूध तोडू नका. पण पोटात असताना बाळाला किती गेलं, ते आज कुणी सांगू शकणार नाही."

घरी सांगितलं. सासूबाई "माझ्या हातानं?" एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी चिडायचं ठरवून आले होते, जमलं नाही.

माझ्या मुंग्या हळूहळू गेल्या. धास्ती गेली नाही. शेजारणीची पोर आधी चालली, मी आमचीचे पाय चोळत बसले. आमची उशिरा बोलली. "होतं गं असं," सगळे म्हणायचे. त्यांचं काय जातंय म्हणायला!

तुमच्या घरी कुणी गरोदर असेल, तर मासा घेतानाच विचार करा बायांनो. मासा वाईट नाही, मोठा नको इतकंच.

परवा लेक पाढे म्हणत होती. सतराचा सगळा बरोबर म्हटला. मग थांबून म्हणाली, "आई, तू माझ्याकडे नेहमी अशी का बघतेस गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "अठराचा म्हण."