पहिल्यापासून की आमच्या क्रमानं

माझ्या शाळेतले एक सहकारी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला निघाले होते. घर आवरताना त्यांच्या वडिलांची पुस्तकांची पेटी निघाली, ती त्यांनी स्टाफरूममध्ये आणून ठेवली. कुणाला हवं ते न्या, उरलेलं रद्दीत जाईल, असं म्हणाले. कुणी शब्दकोश उचलला, कुणी चरित्रं. पेटीच्या तळाशी आठ पातळ पुस्तकं सुतळीनं बांधून ठेवली होती. वरच्या पुस्तकावर समुद्राचं चित्र होतं, एक लहान बोट आणि पाण्यात उडी घेणारा माणूस. मी तो गठ्ठा सोडलासुद्धा नाही, तसाच पिशवीत टाकला. वरचं नाव वाचूनच ओळखलं, त्या पाणबुड्याच्या गोष्टी मला माहीत होत्या. चित्र मात्र मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

त्याचं कारण आमच्या गावच्या वाचनालयात होतं. आमचं लहानपण वणीला गेलं. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, आई मिळेल त्या शेतावर जायची. घरात शाळेची सोडली तर पुस्तकं नव्हती. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा भाऊ, माझा दादा, वाचनालयाचा सभासद झाला आणि या साहसकथा घरात आल्या. वाचनालयात नवीन पुस्तक आलं की ते आधी बाईंडरकडे जायचं. तो मुखपृष्ठ काढून टाकायचा, जाड पुठ्ठे लावायचा, पाठीला कापडाची पट्टी डकवायचा. मग ग्रंथपाल त्या पट्टीवर दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयात ते कितवं आलं तो आकडा, घालायचे. आम्हाला वाटायचं, तोच मालिकेचा क्रमांक. लहान आकड्याचं पुस्तक आधी, मोठ्या आकड्याचं नंतर. वाचनालयात त्या मालिकेची चारच पुस्तकं होती आणि ती आम्ही त्या आकड्यांच्या क्रमानं वाचली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

दादा मोठ्यानं वाचायचा. मी आणि आई ऐकायचो. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. बुडालेली जहाजं शोधणारा पाणबुड्या हा नायक. पण आमचा लाडका होता तो त्याच्या बोटीवरचा इंजिनवाला. जाडा, सदा तेलानं माखलेला, वादळातही खायला मागणारा. इंजिन बंद पडलं की तो त्याला शिव्या द्यायचा, मग त्याच्यावर हात फिरवायचा, की ते चालू व्हायचं. त्याचं बोलणं आलं की दादा आवाज बदलायचा आणि आई पदरात तोंड घालून हसायची.

आमच्या क्रमातल्या दुसऱ्याच पुस्तकात बोटीला आग लागते. पाणबुड्या खाली समुद्राच्या तळाशी असतो. त्याला हवा पोचवणारा पंप इंजिनावर चालत असतो. इंजिनखोली पेटते तरी इंजिनवाला पंप बंद पडू देत नाही. पाणबुड्या वर येतो तेव्हा आग विझलेली असते, खोली रिकामी असते आणि तळाला भगदाड पडलेलं असतं. त्या दिवशी मी इतकी रडले की जेवायला उठेना. दादा म्हणाला, "अगं, मेला नाय तो. भोकातनं निसटला खाली पाण्यात. पुढच्या बुकात बघशील."

पुढचं पुस्तक आलं आणि पहिल्याच प्रकरणात इंजिनवाला बोटीच्या टपावर बसून भजी खात होता. कसा वाचला, कुठून आला, याबद्दल अक्षर नव्हतं. आम्हाला त्याची गरजही वाटली नाही. दादानं सांगितलं होतं आणि ते खरं ठरलं होतं. तेव्हापासून दादाला सगळं आधी कळतं अशी माझी खात्री झाली.

दहावीनंतर दादा नाशिकला आयटीआयला गेला, फिटर झाला आणि ओझरच्या विमान कारखान्यात लागला. त्याचं लग्न झालं, आणि वर्षभरात त्यानं मला वणीहून आपल्याकडे आणलं. मी त्याच्या घरी राहून बी.ए. केलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे वाक्य सत्कारात वगैरे माझ्याबद्दल बोललं जातं तेव्हा मला वहिनी आठवते. मला सकाळचं कॉलेज होतं. मी उठायच्या आत तिनं माझा डबा भरलेला असायचा, आणि मी आवरत असेपर्यंत ती दारात उभी राहून बस यायची वेळ झाली का बघायची. ती चौथी शिकलेली होती. परीक्षेच्या दिवसांत मी पाठ केलेलं तिला म्हणून दाखवायचे आणि ती न कळता मान हलवायची. मध्येच म्हणायची, हे मघाशी वेगळं म्हणाली होतीस. ते बहुधा बरोबर निघायचं.

ती पेटी निघाली त्याच्या आदल्या महिन्यात वहिनी जाऊन वर्ष झालं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे जमलो होतो. दादा पुढच्या खुर्चीवर बसला होता. वंदना झाली, लोक बोलले, जेवणं झाली, तरी तो तिथंच होता. निघताना भाच्याच्या बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आत्या, तुम्हीच काहीतरी करा," ती म्हणाली. "बाबा पेपरसुद्धा उघडत नाहीत. घडी तशीच राहते. काही विचारलं तर हो म्हणतात, बास. परवा वरून विमान गेलं, सगळी पोरं धावली अंगणात. बाबांनी मान वर केली नाही."

हे ऐकून मी चरकले. निवृत्तीनंतरही विमानाचा आवाज आला की तो हातातलं काम टाकून बाहेर यायचा आणि इंजिन कसं चाललंय ते सांगायचा. घरातले त्याला हसायचे. डॉक्टर म्हणाले होते, तब्येतीला काही झालेलं नाही, त्यांना कशात तरी गुंतवा. कशात गुंतवायचं हे कुणालाच कळत नव्हतं. माझा भाऊ खुर्चीत बसल्या बसल्या हातातून चालला होता.

म्हणून ती आठ पुस्तकं मला इतकी मोलाची वाटली. घरी येऊन मी सुतळी सोडली. प्रत्येक मुखपृष्ठावर कोपऱ्यात गोल होता आणि त्यात भागाचा आकडा. मी आमची चार पुस्तकं ओळखून बाजूला काढली. ती दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा भाग होती. आगीचं पुस्तक पाचवं होतं.

नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून मी ते एका दुपारी वाचून काढलं. मग सहाव्याचं पहिलं पान उघडलं. पाणबुड्या इंजिनवाल्याची हत्यारांची पेटी घेऊन त्याच्या आईच्या दाराशी उभा होता. मी पुस्तक मिटलं. इंजिनवाला परत आलाच नव्हता. वाचनालयात पाचवा भाग आधी दाखल झाला, तिसरा-चौथा मागाहून, एवढंच घडलं होतं. त्या चुकीवर आम्ही त्याला इतकी वर्षं जिवंत ठेवलं होतं.

आता दादाला कुठून वाचायला द्यायचं? नवऱ्याला विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. मालिका आहे ना, मग पहिल्यापासून वाचायची, त्यात ठरवायचं काय, असं तो म्हणाला. तो पुस्तकांची कपाटं असलेल्या घरात वाढला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग तुला योग्य वाटेल तसं कर, पण दादांना लहान मूल समजू नकोस. ते मला पटत होतं. तरी बायको जाऊन वर्ष झालेल्या माणसाच्या हातात, ज्यात त्याचा लाडका माणूस कायमचा मरतो अशी मालिका आपणच नेऊन द्यायची, या विचारानं माझा हात पुढे होईना. आमच्या क्रमानं दिली तर तो निदान परत तरी येईल.

शेवटी मी मधला मार्ग काढला. शाळेतली सवय म्हणा. रविवारी सकाळी खाकी कागद आणून आमच्या चार पुस्तकांना कव्हरं घातली, म्हणजे कोपऱ्यातला आकडा दिसायला नको. उरलेली चार घरीच ठेवली आणि ओझरला गेले.

दादा पुढच्या खोलीत बसला होता. मी पुस्तकं त्याच्या मांडीवर ठेवली आणि काय आहेत ते सांगितलं. बराच वेळ त्यानं हात लावला नाही. मग वरचं उचललं, वजन करून बघितल्यासारखं धरलं.

"कव्हर कशाला घातलं याला?"

"खराब होतील म्हणून."

"आपल्या टायमाला बाईंडरनं चित्र काढून टाकलं होतं," तो म्हणाला. "याला असंल ना चित्र?"

आणि मी काही बोलायच्या आत त्यानं कव्हराच्या आतली घडी अंगठ्यानं अलगद सोडवली. जुना फिटर, कागद कुठं फाटला नाही. बोट दिसली, उडी घेणारा माणूस दिसला. त्यानं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"भाग दोन. मग पयला कुठंय?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी सगळं सांगितलं. दाखल क्रमांकाचं, पाचव्या भागाचं, पेटी घेऊन दाराशी उभ्या असलेल्या पाणबुड्याचं. दारात उभी राहून ऐकणारी भाच्याची बायको माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती.

दादा म्हणाला, "म्हंजे मी तुला फसवलं व्हय?"

"तू कुठं फसवलंस? आकडेच तसे होते."

"आकडे नंतर. तू जेवायला उठंना म्हणून मी बोललो, की निसटला. मला काय ठाऊक?" त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. "आन पुढच्या बुकात गडी भजी खात बसलेला. मीच चाट पडलो. म्हटलं, आपण बोललो ते छापून आलं का काय."

भाच्याची बायको हसली. तो हसला नाही, पण त्यानं तिच्याकडे बघितलं. या वर्षात तो एवढं सलग बोलला नव्हता, असं तिनं मला नंतर सांगितलं.

मी विचारलं, दुसऱ्यापासून सुरू करू या का, आपल्या जुन्या क्रमानं. आगीचं नंतर बघू, नाहीतर ठेवूनच देऊ. दादानं ती चारही पुस्तकं कव्हरं काढून शेजारी शेजारी मांडली आणि चित्रं पाहत राहिला.

"पयलं आण," तो म्हणाला. "हा इंजिनवाला बोटीवर आला कसा, ते आपल्याला कधी कळलंच नाय. पयल्यात असंल."

पुढच्या रविवारी मी पहिला भाग घेऊन गेले. यावेळी वाचायचं काम माझ्याकडे होतं, त्याचे डोळे लवकर दमतात. इंजिनवाला बंदरावर दुसऱ्याच कुणाच्या बोटीचं इंजिन उघडून बसलेला असतो. पाणबुड्या त्याला घाईनं बोलावतो, तर तो म्हणतो, हे जोडल्याशिवाय मी हलणार नाही. दोघांचं पहिल्याच भेटीत भांडण होतं. इथं दादानं हात वर केला. मला वाटलं दमला. पण तो सांगू लागला, की वहिनीला बघायला गेला तेव्हा तिच्या घरच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज त्याला बरोबर वाटेना. पोह्यांची बशी तशीच ठेवून तो मोटारीपाशी गेला. वहिनीनं तिथं येऊन सांगितलं, मोटार आम्ही बघू, पाहुण्यांनी पोहे खावेत. हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या मुलालासुद्धा.

"मग दुरुस्त केली का मोटार?" भाच्याच्या बायकोनं विचारलं.

"करणारच की. पोहे गार झाले. लगीन झाल्यावर वरीसभर ऐकवत व्हती मला, गार पोहे."

तसे आम्ही दर रविवारी वाचत गेलो. दुसरा आणि तिसरा भाग झाला. काही पानं त्याला पाठ होती. मी चुकले की तो पुढचं म्हणायचा, इंजिनवाल्याच्या आवाजात. चौथ्या भागापासून मात्र माझं वाचन संथ झालं. दर प्रकरणाला मी चहाचं निमित्त काढायचे. दादाला ते कळत असावं. चौथं संपलं तेव्हा मी पाचवं टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, पुढच्या वेळी सोबत वाचू, तू उघडू नकोस. आगीचं प्रकरण तो एकटा असताना यावं, हे मला नको होतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. दादा स्वतःहून फोन करत नाही. मी लगबगीनं स्टाफरूममधून बाहेर व्हरांड्यात आले.

"पाचवं झालं," तो म्हणाला.

"एकट्यानं वाचलंस?"

"नाय, सूनबाई व्हती ना. जिथं डोळा दमला तिथं तिनं वाचलं. आगीचं तिनंच वाचलं."

मी विचारलंच, "रडलास?"

"रडलो की. तीपण रडली. मग तिनं भजी केली." व्हरांड्यात मुलांचा गलका होता, म्हणून मी फोन कानाला घट्ट लावला. "अगं, सव्वं कधी आणतीस?"

"दादा, सहाव्यात तो नाहीये. मी सांगितलं होतं तुला."

"ठाऊक हाय मला. पण बोट हाय ना अजून? इंजिन सगळं जळालंय. ते आता नीट कोण करणार? पाणबुड्याला काय जमतंय त्यातलं? बघायला पायजेल."

मी रविवारची वाट पाहिली नाही. शाळा सुटल्यावर घरी गेले, उरलेली तीनही पुस्तकं घेतली आणि ओझरची बस पकडली.