सोमवारचे मार्क

आमची आत्या शाळेत क्लार्क होती. बत्तीस वर्षं तिने मुलांचे मार्क रजिस्टरात चढवले. सगळे तिला रजिस्टरबाई म्हणत. कितीही मोठा साहेब भेटला, तरी ही आधी त्याचे पाचवीतले गणिताचे मार्क सांगणार. माझेही तिने चारचौघांत काढले आहेत. ते इथे सांगायची काही गरज नाही.

एका वर्षी सहावीतली एक मुलगी वार्षिक परीक्षेत नापास झाली. "त्याच वर्गात ठेवू तिला. मार्क काय खोटं बोलतात?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. आत्याने मान डोलावली. तिचंही तेच मत होतं.

पण निकाल चढवताना तिचा हात थांबला. या मुलीला वर्षभर एका चाचणीत ऐंशी, तर दुसरीत तीस! आत्या तशी चिकट. तिने कॅलेंडर काढून प्रत्येक तारखेपुढे वार लिहिला. तिशीतले सगळे पेपर सोमवारचे निघाले, वार्षिकातला नापासाचा पेपरसुद्धा. मग तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला. सोमवारच्या पेपरांची पहिली दोन पानं अचूक आणि पुढे सगळं कोरं.

तिने मुलीला ऑफिसात बोलावलं.

"पुढचं येत नव्हतं का गं?"

"येत होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

मुलगी दाराबाहेर पळाली. शेवटी आईला बोलावलं. ती हॉस्पिटलात आया होती, सहा दिवस तिथेच राहायची. मुलगी तेवढे दिवस मावशीकडे.

पेपर बघून आई म्हणाली, "सोमवारी माझी सुट्टी असते, बाई. ही मला सांगायची, पेपर असला की शाळा लवकर सुटते."

अर्धा वेळ झाला की पेपर देऊन जाता यायचं, तो शाळेचाच नियम. आत्याला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं मार्क पाठ, पण एकाही मुलाला तिने कधी काही विचारलं नव्हतं. ती रजिस्टर घेऊन मुख्याध्यापिकांपुढे उभी राहिली आणि फेरपरीक्षा मिळेपर्यंत हलली नाही. तारीख तिनेच ठरवली. सोमवार.

"अहो, सोमवार कशाला?" मुख्याध्यापिका वैतागल्या.

"त्या दिवशी आई येऊ शकते."

आई आली. वर्गाच्या दारासमोरच्या बाकावर, मुलीला दिसेल अशी, तीन तास बसून राहिली. मुलीने दोन पुरवण्या मागितल्या. शेवटची घंटा झाली तरी ती लिहीतच होती. पेपर तिच्या हातातून ओढून घ्यावा लागला.